शिबिराला चाळीस जणी आल्या, उरल्या तीन: बायका आणि मुली गोल्फमध्ये टिकाव्यात म्हणून काय करायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. तुमच्या गोल्फ क्लबच्या समितीने बायका-मुलींसाठी दोन दिवसांचं मोफत शिबिर घेतलं. चाळीस जणी आल्या, हसतखेळत शिकल्या, खूश होऊन घरी गेल्या. तीन महिन्यांनी पाहिलं तर नियमित खेळणाऱ्या तिघीच उरल्या होत्या. आता समितीतले काही जण म्हणताहेत की बायकांना या खेळात रसच नाही, पुढच्या वर्षी यावर खर्च नको. तुम्हाला ते पटत नाही, पण त्यांना उत्तर काय द्यायचं तेही सुचत नाही.

मी बावीस वर्षं गोल्फ शिकवते आहे. त्यातली बरीचशी वर्षं नव्याने सुरुवात करणाऱ्या बायका आणि शाळकरी मुली यांच्याबरोबरच गेली. समितीला पहिल्यांदा हे सांगा की चाळीस जणी आल्या, इथेच रस सिद्ध झाला. सुट्टीचे दोन दिवस कोणी उगाच देत नाही. शिबिर संपल्यावर पुढच्या आठवड्यात त्यांनी कुठे यायचं, कोणाबरोबर खेळायचं, कुठल्या टीवरून (होलचा पहिला फटका जिथून मारतात त्या जागेवरून) मारायचं, हे कोणी ठरवलं होतं का ते विचारा. बहुतेक ठिकाणी ठरवलेलं नसतं. शेवटच्या दिवशी फोटो निघतो, 'आता येत राहा' असं सांगितलं जातं, आणि दार लोटून घेतलं जातं.

एका बाईंचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोरून अजून हलत नाही. वय पंचेचाळीसच्या आसपास. रेंजवर (सरावाच्या मैदानावर) सहा आठवडे मन लावून शिकल्या. सात नंबरचं आयर्न (मधल्या अंतराची स्टिक) छान बसायला लागलं होतं. बॉल शंभर यार्डांच्या पाटीकडे झेपावला की दर वेळी वळून माझ्याकडे बघायच्या. मग ओळखीतल्या तीन जुन्या खेळाडूंबरोबर पहिल्यांदा कोर्सवर गेल्या. मी मागच्याच ग्रुपमध्ये होते. पहिला होल (कोर्सच्या अठरा टप्प्यांतला पहिला) कसाबसा पार पडला. दुसऱ्यावर बंकरमध्ये, म्हणजे वाळूच्या खड्ड्यात, चार फटके गेले. बाकीचे तिघं ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) पोचून थांबलेले, मागे आम्ही चौघं उभे. तिसऱ्या होलवर त्यांनी मधूनच बॉल उचलला. कपड्यांना खिसा नव्हता, म्हणून तो मुठीत धरला आणि उरलेलं अंतर तशीच मूठ आवळून चालत राहिल्या. त्यांना कोणी एक वाकडा शब्द बोललं नव्हतं. पुढच्या आठवड्यात मात्र त्या रेंजवरही आल्या नाहीत. फोन केला तर म्हणाल्या, "माझ्यामुळे सगळ्यांचा खोळंबा होतो हो."

चूक माझी होती. मी त्यांना बॉल मारायला शिकवलं होतं, कोर्सवर वावरायला शिकवलं नव्हतं. बॉल उचलणं हा पराभव नसतो, कधी उचलायचा हे ठरलेलं असतं, हे त्यांना माहीत असायला हवं होतं. दुसऱ्याचा पट (ग्रीनवरचा घरंगळता फटका) चालू असताना कुठे उभं राहायचं, बॅग ग्रीनच्या कुठल्या बाजूला ठेवायची म्हणजे पुढच्या टीकडे जाताना मागे फिरावं लागत नाही, बंकरमधली वाळू रेकने कशी सारखी करायची, मागच्या ग्रुपला पुढे कधी जाऊ द्यायचं, यातलं काहीच मी सांगितलं नव्हतं. जुन्या खेळाडूंना हे सगळं इतकं अंगवळणी पडलेलं असतं की ते शिकवायचं असतं हेच लक्षात येत नाही. 'खोळंबा' हा शब्द मी त्यानंतर कितीतरी जणींकडून ऐकला आहे. सोडून जाताना 'कंटाळा आला' असं मला फार कमी जणींनी सांगितलं. आपण कोणाच्या तरी वाटेत येतो आहोत, ही भावना त्यांना घरी पाठवते.

आणि ती भावना निम्मी तरी आपणच तयार करतो. कोर्सच्या लांबीतून.

टीचा विषय जरा सविस्तर सांगते, कारण समितीला आकडे दाखवले की चर्चा लगेच बदलते. मध्यम दर्जाचा पुरुष खेळाडू ड्रायव्हरने (सर्वांत लांब मारायच्या स्टिकने) 220 यार्ड मारतो आणि 6,200 यार्डांच्या टीवरून खेळतो, म्हणजे तिथून अठरा होलची एकूण लांबी तेवढी आहे, असं धरा. खेळात नुकती स्थिरावलेली बाई 150 यार्ड मारते. तिला लाल टी दिला जातो, आणि तो 5,300 यार्डांचा आहे. दोघांच्या ताकदीचं प्रमाण लावलं तर तिने 5,300 वरून खेळणं म्हणजे त्या पुरुषाने जवळजवळ 7,770 यार्डांवरून खेळणं. पुरुषांच्या मोठ्या व्यावसायिक स्पर्धा साधारण 7,000 ते 7,600 यार्डांवर होतात, आणि तिथले खेळाडू तीनशे यार्डांच्या आसपास मारतात. समितीतल्या गृहस्थांना विचारा: दर रविवारी 7,770 यार्डांवर खेळायला बोलावलं तर किती जण येतील?

एकच होल घेऊन बघा. पुरुषांच्या पांढऱ्या टीवरून 370 यार्डांचा पार-4, म्हणजे चार फटक्यांत संपवणं अपेक्षित असलेला होल. तो 220 मारतो, उरलेल्या 150 साठी आयर्न काढतो आणि दुसऱ्या फटक्याला ग्रीनवर असतो. लाल टीवरून तोच होल 330 यार्डांचा. ती 150 मारते, मग फेअरवे वूडने 130, तरी 50 यार्ड उरतात. तिन्ही फटके चोख बसले तर ती तिसऱ्याला ग्रीनवर पोचते, आणि मग पार करायचा असेल तर पहिलाच पट होलमध्ये गेला पाहिजे. म्हणजे एकही चूक न करता तिच्या कार्डावर बहुतेक वेळा बोगीच (पारपेक्षा एक फटका जास्त) येणार. बहुतेक होलवर हेच. ती थकते, फटके जास्त होतात, वेळ जास्त लागतो, आणि मग 'बायका हळू खेळतात' हे वाक्य ऐकू येतं.

2011 मध्ये अमेरिकेत यूएसजीए (तिथली राष्ट्रीय गोल्फ संघटना) आणि पीजीए ऑफ अमेरिका (गोल्फ शिकवणाऱ्यांची संघटना) या संस्थांनी 'टी इट फॉरवर्ड' नावाची मोहीम काढली होती. ड्राइव्ह (टीवरचा लांब फटका) किती जातो त्यावरून कोर्स किती लांब असावा, याचा तक्ता त्यांनी दिला. 150 यार्ड मारणाऱ्याने 3,500 ते 3,700 यार्डांवर खेळावं, 175 वाल्याने 4,400 ते 4,600 वर, आणि 200 वाल्याने 5,200 ते 5,400 वर. यात पुरुष-बाई असा भेद कुठेच नाही. या तक्त्याप्रमाणे, आपण ज्या लाल टीला सरसकट 'लेडीज टी' म्हणतो तो 200 यार्ड मारणाऱ्याचा टी आहे. नवशिक्या बाईसाठी तो कधीच नव्हता.

त्यामुळे तुम्ही पहिलं काम हे करा: 3,500 यार्डांच्या आसपासचा एक टी तयार करा. त्यासाठी सुरुवातीला मोठं बांधकाम लागत नाही. फेअरवेच्या (टी आणि ग्रीन यांच्यामधल्या कापलेल्या गवताच्या पट्ट्याच्या) सुरुवातीला सपाट जागा बघून, गवत नीट कापून दोन मार्कर रोवले तरी चालतं. जागा निवडताना समोर पाणी किंवा खोलगट भाग नाही ना, हे स्वतः उभं राहून बघा. 90 यार्डांचं तळं ओलांडल्याशिवाय पुढे जाताच येत नसेल, तर नवशिकीचा डझनभर बॉल त्यात जातो आणि उत्साहही. त्या टीला बाईचं किंवा मुलांचं नाव देऊ नका. रंग द्या किंवा आकडा द्या. मी जिथे हे करायला लावलं, तिथे दोन महिन्यांत सत्तरी ओलांडलेले एक सभासद गुपचूप त्या टीवर येऊन उभे राहिले. वर्षभराने त्यांच्या वयाचे सगळेच तिथून खेळत होते आणि पुन्हा पार करायला लागले म्हणून आनंदात होते. समितीत तुम्हाला पाठिंबा हवा असेल तर हे ज्येष्ठ सभासद हक्काचे.

टी तयार झाला की त्याचं रेटिंग करून घ्या, म्हणजे तिथून खेळणं किती अवघड आहे ते अधिकृतपणे ठरवून घ्या. हे टाळू नका. हँडिकॅप म्हणजे खेळाडूच्या कुवतीप्रमाणे ठरणारी फटक्यांची सूट. जागतिक हँडिकॅप पद्धत 2020 पासून लागू झाली, तिच्यात प्रत्येक टीचं पुरुषांसाठी आणि बायकांसाठी वेगवेगळं रेटिंग करता येतं. कमाल हँडिकॅप दोघांनाही 54.0 आहे. पहिला हँडिकॅप मिळायला एकूण 54 होलचे स्कोअर लागतात, आणि ते नऊ-नऊ होल करूनही भरता येतात. म्हणजे नऊ होलचे सहा राउंड झाले की ती बाई अधिकृत खेळाडू. 2024 च्या बदलांनंतर तर अठरा होल मिळून 1,500 यार्ड लांबीचा छोटा कोर्सही हँडिकॅपसाठी धरला जातो. पहिला हँडिकॅप हातात पडला की बाईचा चेहरा कसा खुलतो ते मी अनेकदा पाहिलं आहे. आकडा 51 असला तरी तो तिचा असतो. तो घेऊन ती कुठल्याही कोर्सवर, कोणाहीबरोबर बरोबरीने खेळू शकते. दुर्दैवाने बऱ्याच क्लबमध्ये हँडिकॅप म्हणजे चांगलं खेळता यायला लागल्यावर मिळणारं बक्षीस, असा समज आहे. तो पहिल्याच महिन्यात मोडून काढा.

आता शिकवण्याच्या क्रमाबद्दल. बहुतेक शिबिरं रेंजवर, हातात ड्रायव्हर देऊन सुरू होतात. मी ग्रीनवरून सुरू करते. पहिल्या दिवशी फक्त पट, मग ग्रीनच्या कडेवरून चिप (छोटा उचललेला फटका), आणि तासाभरातच होलपासून 25 यार्डांवर बॉल ठेवून खराखुरा खेळ. नऊ होल, दर होलला चार फटक्यांत बॉल आत घालायचा, म्हणजे एकूण 36. ते जमलं की 50 यार्डांवर जायचं, मग 100, मग 150. याचे दोन फायदे होतात. एक, ती पहिल्या दिवसापासून गोल्फ खेळते, नुसता बॉल मारत नाही. दुसरा फायदा हा की ग्रीनवरचे सगळे रिवाज, कोणी आधी पट करायचा, झेंडा कोणी काढायचा, सावली कोणाच्या रेषेवर पडते, हे सहज अंगात मुरतं. 108 मिलिमीटरच्या त्या होलमध्ये बॉल पडल्याचा आवाज पहिल्याच दिवशी ऐकला की माणूस पुन्हा येतं. रेंजवर पन्नास बॉल मारून, त्यातले तीस जमिनीवरून घसरत गेले की येत नाही.

आणि या खेळात ताकदीपेक्षा हाताची नजाकत किती चालते, हे बायकांना कोणीतरी सांगायला हवं. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली गोल्फपटू अदिती अशोक चौथी आली, कांस्यपदक एका फटक्याने हुकलं. बॅग सांभाळायला आई होती. तिच्या ड्राइव्हपुढे कितीतरी जणी जात होत्या. ती चार दिवस पदकाच्या शर्यतीत राहिली ती पटरच्या जोरावर. मी नव्या बॅचला हे नेहमी सांगते, आणि सांगून झाल्यावर सगळ्यांना पटिंग ग्रीनवर नेते.

शिबिरानंतरचं वेळापत्रक शिबिराच्या आधीच छापलेलं असू द्या. सहा आठवडे, ठरलेला वार, ठरलेली वेळ, तोच कोच, त्याच सोबतिणी. दुसऱ्या आठवड्यापासून दर वेळी कोर्सवरचे दोन-तीन होल, सहाव्या आठवड्याला नऊ होल. त्या नऊ होलसाठी प्रत्येक तिघींबरोबर एक जुनी खेळाडू द्या. आम्ही तिला 'सोबतीण' म्हणतो. तिने त्या दिवशी स्वतःचा स्कोअर लिहायचा नाही. तिचं काम एवढंच: पुढच्या टीचा रस्ता दाखवायचा, आठ फटके झाले की 'उचला आता, चला' असं मोकळेपणाने म्हणायचं, आणि शेवटी पुढच्या आठवड्याची वेळ त्यांच्याकडून नक्की करून घ्यायची. सोबतीण निवडताना उत्तम खेळाडू शोधू नका, बोलकी आणि धीराची बाई शोधा. क्लबमध्ये अशा बायका कमी असतील तर धीराचे पुरुषही चालतात, फक्त न विचारता स्विंग दुरुस्त करायचा नाही अशी अट घाला. ती अट कडक पाळा. दर फटक्यानंतर शेजारून 'डोकं वर येतंय', 'मनगट ढिलं सोडा' असं ऐकून वैतागलेल्या बायका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण तीन माणसं तीन गोष्टी सांगतात, आणि तिला वाटतं आपण सगळ्यांच्या परीक्षेला बसलो आहोत.

खेळाचा प्रकारही बदला. पहिले काही महिने स्क्रॅम्बल खेळवा: चौघी मारतात, सर्वांत चांगला पडलेला बॉल निवडतात, पुढचा फटका चौघीही तिथूनच मारतात. सगळ्यांत नवी असलेल्या बाईचा एखादा लांब पट पडतो आणि अख्खी टीम तिच्या नावाने ओरडते. तो क्षण महिनाभर पुरतो. मग स्टेबलफोर्डकडे या. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी काढलेल्या या पद्धतीची पहिली स्पर्धा 1932 मध्ये इंग्लंडमधल्या वॉलेसीला झाली. प्रत्येक होलला गुण मिळतात, आणि गुण मिळण्याची शक्यता संपली की बॉल उचलायचा. एखादा होल पार बिघडला तरी तो तिथेच संपतो. मुठीत बॉल लपवून चालायची वेळ येत नाही.

वेळेबद्दल सांगण्यासारखं एकच आहे, पण समितीला ते सर्वांत जड जाईल. बऱ्याच क्लबमध्ये बायकांचा दिवस म्हणजे आठवड्यातला एखादा कामाचा वार, सकाळी दहाला. शनिवार-रविवारच्या सकाळच्या वेळा पिढ्यान्‌पिढ्या पुरुषांच्या ग्रुपनी धरून ठेवलेल्या असतात. नोकरी करणारी बाई किंवा शाळेतली मुलगी मंगळवारी सकाळी दहाला कशी येणार? शिबिराला आलेल्या चाळीस जणींतल्या किती जणी नोकरी करतात ते नोंदणीच्या कागदांत बघा. शनिवारी सकाळी सलग चार वेळा फक्त नऊ होलसाठी राखून ठेवा. दोन तासांत खेळ संपतो, घरचं वेळापत्रक कोलमडत नाही. माझ्या मते, अठरा होल खेळले तरच खरं गोल्फ, हा हट्ट या खेळाचं नुकसान करत आला आहे, आणि त्यात सर्वांत जास्त तोटा लहान मुलांच्या आयांचा झाला आहे.

स्टिकच्या सेटबद्दल थोडक्यात. घरातल्या पुरुषाचा जुना सेट नव्या खेळाडूच्या हातात देऊ नका. शाफ्ट (स्टिकचा दांडा) जड आणि ताठ, लांबी जास्त, ग्रिप जाड. बॉल हवेत जातच नाही आणि ती स्वतःला दोष देते. नियमाने चौदा स्टिक ठेवता येतात, पण सुरुवातीला हलक्या शाफ्टच्या सहा-सात पुरतात: एक लॉफ्ट जास्त असलेला वूड, एक हायब्रिड, दोन-तीन आयर्न, एक वेज, पटर. क्लबने असे तीन-चार सेट वेगवेगळ्या उंचीचे विकत घेऊन वर्षभर वापरायला द्यावेत. शिबिरानंतर 'आता सेट घ्या' म्हटलं की निम्म्या जणी तिथेच थांबतात.

कोचसाठी दोन गोष्टी, ज्या सहसा उघड बोलल्या जात नाहीत. छाती भरलेली असेल तर हात कुठून फिरवायचे हा खरा तांत्रिक प्रश्न असतो. हात छातीच्या वरून ठेवायचे की दोन्ही बाजूंनी, कमरेतून किती वाकायचं, यावर अख्खा बॅकस्विंग (स्टिक मागे नेण्याची हालचाल) अवलंबून असतो. पुस्तकी स्टान्स (उभं राहायची ढब) पुरुषाच्या शरीरावरून आलेला असतो. बाई कोच असेल तर हे मिनिटभरात बोलून संपतं. पुरुष कोचने तो विषय टाळला तर विद्यार्थिनी वर्षभर अवघडून मारत राहते. दुसरी गोष्ट स्पर्शाची. हात लावून स्विंग दाखवायची जुनी सवय सोडा. विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. ॲलाइनमेंट स्टिक, आरसा, मोबाइलवरचा व्हिडिओ, यांनी सगळं दाखवता येतं. लहान मुलींच्या बॅचला हा नियम लेखी ठेवा, आणि त्या वेळी दुसरी मोठी व्यक्ती तिथे हजर असलीच पाहिजे.

मुलींचा प्रश्न वेगळा आहे, त्याला बायकांच्या योजनेचं शेपूट करू नका.

माझ्या एका बॅचमध्ये बारा वर्षांची मुलगी होती. सात मुलगे आणि ती. हाताला उपजत लय होती, चिपिंगमध्ये सगळ्यांना मागे टाकायची. चार महिन्यांनी आईला म्हणाली, आता नाही जायचं. कारण कोणालाच कळेना. मी तिच्याशी बोलले तेव्हा तिने खाली बघत सांगितलं, "मधल्या सुट्टीत माझ्याशी बोलायला कोणी नसतं." आम्ही सगळे तिच्या स्विंगचं कौतुक करण्यात मग्न होतो. ती दहा मिनिटं रोज एकटी बाकावर बसत होती, हे एकालाही दिसलं नव्हतं. दोन मैत्रिणींना घेऊन ये म्हटल्यावर ती परत आली. त्या दोघींना गोल्फचं काही पडलेलं नव्हतं. आज त्यांच्यातली एक चांगली खेळते.

तेव्हापासून माझा नियम ठरला. मुलांच्या बॅचमध्ये एकट्या मुलीला घालायचं नाही. किमान चौघी हव्यात, नसतील तर आधी चौघी जमवायच्या. अमेरिकेत 1989 मध्ये फीनिक्स शहरात सँडी लाबॉव या कोचने फक्त मुलींसाठी गोल्फचा गट सुरू केला, त्याचा पुढे एलपीजीए (व्यावसायिक महिला गोल्फपटूंची संघटना) आणि यूएसजीए यांचा देशभर चालणारा 'गर्ल्स गोल्फ' कार्यक्रम झाला. तिथेही पाया हाच: मुली मैत्रीसाठी येतात, राहतात, आणि राहता राहता खेळाडू होतात. मुलगे स्पर्धेच्या जोरावर टिकतात आणि मुलींना स्पर्धा नको असते, असं मात्र मी म्हणणार नाही. मला जिंकण्यासाठी जीव टाकणाऱ्या मुली भेटल्या आहेत. पण त्यांनाही आपल्या वयाची, आपल्यासारखी दुसरी मुलगी शेजारच्या टीवर लागते.

अकरा ते चौदा या वयाकडे खास लक्ष द्या, गळती तेव्हा होते. शरीर बदलत असतं, अंगावर नजरा असल्यासारखं वाटतं, त्यात गणवेश म्हणून पांढरी पँट किंवा आखूड स्कर्ट सक्तीचा केला की मुलगी पाळीच्या दिवसांत येणं टाळते आणि मग एकूणच टाळायला लागते. गडद रंगाची पँट चालेल, एवढं एक वाक्य नियमावलीत घाला. कोर्सवर स्वच्छ स्वच्छतागृह कुठे आहे ते पहिल्या दिवशी दाखवा. चौथ्या आणि सातव्या होलच्या मध्ये एकही नसेल, तर ते बांधणं नव्या बंकरपेक्षा आधी यावं. एखादी म्हणाली की आज बसते, तर चारचौघांत कारण विचारू नका.

आईवडिलांनाही थोडं शिकवावं लागतं. रेंजवर मुलीच्या मागे खुर्ची टाकून दर फटक्याला मत देणाऱ्या पालकांना मी प्रेमाने पटिंग ग्रीनवर पाठवते आणि त्यांनाच खेळायला लावते. अशा कितीतरी आया स्वतः खेळाडू झाल्या. मुलगी आणि आई एकाच शनिवारी नऊ होल खेळतात, तेव्हा दोघीही टिकतात.

आदर्शांचं म्हणाल तर त्यांचा परिणाम खरा असतो. 1998 मध्ये दक्षिण कोरियाच्या से री पाकने यूएस विमेन्स ओपन जिंकली. प्लेऑफमध्ये बॉल पाण्याच्या कडेला गेला तेव्हा बूटमोजे काढून, पाण्यात उतरून तिने फटका मारला. ते दृश्य तिच्या देशातल्या लहान मुलींनी पाहिलं. त्यांच्यातली एक नऊ वर्षांची इन्बी पार्क, जिने 2008 मध्ये तीच स्पर्धा आणि 2016 मध्ये ऑलिंपिकचं सुवर्णपदक जिंकलं. हे मुलींना जरूर सांगा. पण रोजच्या टिकण्यासाठी टीव्हीवरच्या विजेतीपेक्षा दोन वर्षांनी मोठी, त्याच रेंजवर घाम गाळणारी मुलगी जास्त कामी येते. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलींना लहानांच्या बॅचमध्ये मदतनीस म्हणून घ्या आणि ते काम मानाचं करा.

शेवटी समितीबद्दल, म्हणजे जिथून तुमचा प्रश्न सुरू झाला. या खेळात बायका नव्या नाहीत. स्कॉटलंडमधल्या सेंट अँड्र्यूजला बायकांचा गोल्फ क्लब 1867 मध्ये सुरू झाला. बाईने स्टिक खांद्यावर उचलणं त्या काळी शोभत नाही असं मानत, म्हणून त्यांना पटिंगवर समाधान मानावं लागे. त्याच गावात 1754 मध्ये स्थापन झालेल्या रॉयल अँड एन्शंट क्लबने बायकांना सभासद करून घ्यायचा ठराव केला तो 2014 मध्ये. दोनशे साठ वर्षं लागली. त्यानंतर चारच वर्षांनी, 2018 मध्ये, गोल्फचे नियम सांभाळणाऱ्या आर अँड ए या संस्थेने 'विमेन इन गोल्फ चार्टर' आणला. त्यात क्लब आणि संघटना लेखी वचन देतात की बायका आणि मुलींचा सहभाग वाढवू, आणि निर्णय घेणाऱ्या जागांवरही त्यांना आणू. दुसरा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. टी कुठे असावा, शनिवारची वेळ कोणाची, स्वच्छतागृह आधी की बंकर, हे समितीत ठरतं. तुमच्या समितीत बाई एकच असेल, तर तिला दर वेळी 'बायकांचा मुद्दा' मांडणारी म्हणूनच पाहिलं जाईल. निदान तीन असू द्या, आणि त्यांतली एक कोर्सच्या देखभालीच्या उपसमितीत असू द्या.

या सगळ्याच्या आधी, याच आठवड्यात करण्यासारखं एक काम आहे. ज्या सदतीस जणी परत आल्या नाहीत, त्यांची यादी काढा आणि एकेकीला स्वतः फोन करा. संदेश पाठवू नका. 'का नाही आलात' असं विचारू नका, ते जाब विचारल्यासारखं वाटतं. 'शिबिरानंतर तुम्ही शेवटचं कधी आलात आणि त्या दिवशी काय झालं' एवढंच विचारा, आणि ऐका. कोणी सांगेल की बुकिंग कसं करायचं तेच कळलं नाही, कोणी सांगेल की एकदा आले पण ओळखीचं कोणी दिसलं नाही म्हणून पार्किंगमधूनच परत गेले. वहीत त्यांच्याच शब्दांत लिहून घ्या. फोन ठेवण्याआधी सांगा की येत्या शनिवारी सकाळी सात वीसला पुढे आणलेल्या नव्या टीवर तिघींसाठी जागा ठेवली आहे, आणि मी स्वतः तुमच्याबरोबर नऊ होल चालणार आहे.